दोन याद्या

आमच्या घराचं जोतं वर्षभर उघडं पडलं होतं. माणगावपासून थोडं आत आमचं गाव. अंगणात जांभ्याचे चिरे रचून ठेवलेले. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरलं, उन्हाळ्यात ते वाळून काळं पडलं. गवंड्याने दोनदा येऊन पाहिलं आणि मग दुसरीकडचं काम धरलं. मी तेव्हा दहा वर्षांची. आम्हा मुलांना त्या जोत्यावर भातुकली मांडायला आयती जागा मिळाली होती. आई मात्र रोज दिवेलागणीला जुन्या घराच्या पडवीत उभी राहून तिकडे बघत राहायची. ती काही बोलायची नाही.

अडलं होतं सिमेंट. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण १९८१ साली दुकानात जाऊन पैसे मोजले आणि सिमेंटची गोणी उचलली, असं होत नव्हतं. सिमेंटवर नियंत्रण होतं. भाव सरकार ठरवायचं, कोणाला किती द्यायचं तेही सरकारच ठरवायचं. अर्ज करायचा, घराचा नकाशा जोडायचा, परवान्याची वाट बघायची. परवाना हातात आला तरी माल आलेला असेलच असं नाही. काळ्या बाजारात कितीतरी चढ्या भावाने मिळायचं. प्राथमिक शिक्षकाच्या पगारात ते बसण्यासारखं नव्हतं, आणि बसलं असतं तरी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, घेतलं नसतं.

अप्पांनी एक वही केली होती. हजेरीपटासारख्या रेघा मारलेली. डाव्या पानावर मागितलेलं: तारीख, अर्जाचा क्रमांक, गोण्या. उजव्या पानावर मिळालेलं. डावं पान भरत गेलं. उजव्या पानावर पहिल्या आठ महिन्यांत एकच ओळ होती, १२ गोण्या.

आणि याच काळात राज्याचा मुख्यमंत्री आमच्या जिल्ह्यातला होता.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. आंबेतचा माणूस, आपल्या मातीतला, थेट मंत्रालयातल्या त्या खुर्चीवर. निर्णय घ्यायला वेळ लावणाऱ्यांतला तो गडी नव्हता. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तोही. निराधारांना दरमहा मदत देणारी योजना त्यांनी सुरू केली. आमच्या आळीतल्या एका एकट्या म्हातारीला ते पैसे मिळू लागले, तेव्हा ती पोस्टमनच्या पाया पडायला निघाली होती. अप्पा अंतुल्यांबद्दल बोलायचे ते घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलावं तसं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यामुळेच अवघड झालं.

१९८१ च्या ऑगस्टअखेरीस ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींची बातमी आली. कलावंत-साहित्यिकांना मदत करण्यासाठी म्हणून अंतुल्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा न्यास काढला होता. त्या न्यासाला मोठ्या रकमांच्या देणग्या येत होत्या. देणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिक होते. आणि त्याच व्यावसायिकांना सिमेंट मंजूर होत होतं. आमच्याकडे इंग्रजी पेपर येत नव्हता. मराठी पेपरांनी ती बातमी उचलली, तो अंक एसटीने दुपारी गावात आला आणि अप्पांनी तो पडवीत बसून वाचला. मग आत गेले, फळीवरची आपली वही काढली आणि ती उघडून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले.

बातमीत जे होतं ते फार गुंतागुंतीचं नव्हतं, हे मला खूप नंतर, स्वतः बातम्यांच्या धंद्यात आल्यावर कळलं. एक यादी देणग्यांची. एक यादी सिमेंटची. दोन्ही सरकारदरबारी किंवा न्यासाच्या दप्तरात आपापल्या जागी पडून होत्या. एकेकटी वाचली तर दोन्हींत आक्षेपार्ह काही दिसू नये. कलावंतांसाठी कोणी देणगी दिली, चांगलं केलं. इमारत बांधायला कोणाला सिमेंट मिळालं, बरं झालं. त्या दोन याद्या शेजारी ठेवल्यावर मात्र नावं सारखी निघू लागली.

गावात तेव्हा दोन तट पडले, म्हणजे खरं तर एकच तट होता आणि अप्पा होते. शेजारचे तात्या रोज येऊन सांगायचे, कोकणातला माणूस वर गेलेला मुंबईवाल्यांना बघवत नाही, हे सगळं कारस्थान आहे. अप्पा ऐकून घ्यायचे. एकदा मात्र म्हणाले, “तात्या, माणूस आपलाच आहे. पण सिमेंट कुठे गेलं ते मला कळलं पाहिजे.” तात्या त्यानंतर महिनाभर आमच्या पडवीत आले नाहीत.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जनता पक्षाचे प्रा. पा. बा. सामंत याचिका घेऊन उभे राहिले होते. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा एकमेकांशी संबंध होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. अंतुल्यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारीच्या अखेरीस केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या जोत्यावर भिंती चढल्या. सुट्टीत मी चिऱ्यांवर पाणी मारायचे. पण घर उभं राहताना अप्पा खूश होते असं मला आठवत नाही. ते थोडे गप्पच झाले होते.

अप्पा गणित शिकवायचे. भागाकार करून पाटी दाखवायला नेली की उत्तराकडे न बघता विचारायचे, “ताळा पाहिलास?” भागाकाराला भाजकाने गुणायचं, त्यात बाकी मिळवायची, मूळचा भाज्य परत यायला हवा. उत्तर बरोबर असलं तरी ताळा पाहिल्याशिवाय पाटी पुसू द्यायचे नाहीत. मला त्याचा कंटाळा यायचा. बरोबर आलंय ना, मग परत कशाला? एकदा तसं म्हटलं तेव्हा ते म्हणाले होते, बरोबर आलंय हे तुला अजून माहीत नाही, तुला फक्त तसं वाटतंय.

आपल्या भाषेत या कामाला किती शब्द आहेत. छाननी, तपास, चौकशी, शहानिशा, खातरजमा, पडताळा. प्रत्येकाचा बाज वेगळा. छाननीत गाळणं-चाळणं आहे. चौकशीचा पोलिसी वास येतो. खातरजमा मला सगळ्यांत आवडतो. फारसीतून आलेल्या त्या शब्दात विखुरलेलं मन एका जागी येणं आहे, निश्चिंत होणं आहे. पण मला घडवणारा शब्द पडताळाच, कारण त्यात अप्पांचा ताळा आहे. एका वाटेने आलेलं उत्तर दुसऱ्या वाटेने जाऊन बघायचं. दुसरी वाट नसेल तर पडताळा होतच नाही. कितीही मोठ्या आवाजात प्रश्न विचारले तरी होत नाही.

हे कळूनही मी चुकले, ती गोष्ट सांगायलाच हवी.

१९९४ मध्ये मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. पहिल्याच वर्षी एका गावातून तक्रारीचं पत्र आलं. वृक्षलागवडीच्या कामावर खोटे मजूर दाखवून ग्रामसेवकाने पैसे उचलले, असं त्यात होतं. पंधरा-वीस सह्या होत्या. पत्र आणणारा माणूस ओळखीचा होता, तळमळीने बोलत होता. पान लावायची घाई होती. मी बातमी केली. ग्रामसेवकाचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी ती चौकटीत आली आणि मला फार अभिमान वाटला. अंतुल्यांचं प्रकरण ज्या पिढीने लहानपणी ऐकलं त्या पिढीतली मी. आपणही तेच करतो आहोत असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी तो ग्रामसेवक कचेरीत आला. एकटाच. आवाज चढवला नाही. पिशवीतून आमच्याच दैनिकाचा जुना अंक काढून त्याने टेबलावर ठेवला. जिल्हा परिषदेतल्या बदल्यांची लांबलचक यादी त्यात छापलेली होती. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. ज्या महिन्यात ती लागवड झाली त्याच्या तीन महिने आधीच त्याची त्या गावातून बदली झाली होती. “ताई,” तो म्हणाला, “तुमच्याच अंकात आहे हे.”

फायलींचं कपाट माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होतं.

आम्ही खुलासा छापला. आतल्या पानावर, चार ओळी. बातमी चौकटीत होती आणि खुलासा रक्तदान शिबिराच्या बातमीखाली. मी वृत्तसंपादकांकडे हट्ट धरायला हवा होता, पहिल्या पानावर तेवढ्याच मोठ्या जागेत तो घ्या म्हणून. मी नवी होते, नोकरी जाईल अशी भीती होती, मी गप्प बसले. त्या माणसाच्या मुलीचं लग्न त्या वर्षी ठरत होतं असं नंतर कोणीतरी सांगितलं. ठरलं की मोडलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तीस वर्षं होऊन गेली. आजही एखादी कागदाची प्रत माझ्या हातात कोणी दिली की पहिल्यांदा तो जुना घडी घातलेला अंक डोळ्यांसमोर येतो. सह्या पंधरा होत्या, पण यादी एकच होती. ती मला खरी वाटली कारण ती माझ्या मनात आधीच असलेल्या गोष्टीशी जुळत होती.

पत्रकारितेत त्या नंतर मी जी काही वर्षं काढली त्यात तालुका न्यायालयातल्या बातम्या बराच काळ माझ्याकडे होत्या. उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराला घाबरवणं, असं सिनेमा बघून वाटतं. तसं घाबरवणारे वकील असतातही. पण मी ज्यांच्याकडून शिकले ते एक वयस्कर वकील फार हळू बोलायचे. त्यांच्या डाव्या हातात साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबाची प्रत असायची. साक्षीदार आता काय बोलतोय ते ऐकायचं आणि मग विचारायचं, “ही गोष्ट तुम्ही जबाबात सांगितलेली दिसत नाही. काही कारण?” बस. एवढाच प्रश्न. आठ महिन्यांपूर्वीचा तोच माणूस आणि आजचा तोच माणूस त्या पिंजऱ्यात शेजारी उभे राहायचे. कधी दोघं जुळायचे, आणि जुळले की त्या साक्षीला वजन यायचं. वकिलांच्या पक्षकाराला ते नको असायचं, पण ते स्वतः मात्र बाहेर आल्यावर म्हणायचे, बाई खरं बोलत होती.

राजकारणात हे काम सगळ्यांत कठीण, कारण तिथे प्रत्येकाला आपली बाजू असते. म्हणूनच मला फिरोज गांधींचं उदाहरण पुन्हा पुन्हा आठवतं. डिसेंबर १९५७. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांत १ कोटी २४ लाख रुपये गुंतवले होते. लोकसभेत तो विषय लावून धरला फिरोज गांधींनी. ते विरोधी बाकावरचे नव्हते, सत्तारूढ काँग्रेसचे खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती मुंबईत उघड घेतली. ऐकायला इतके लोक जमू लागले की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याच्या आत काम संपलं आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. विम्याचे हप्ते भरणाऱ्या सामान्य माणसांचे ते पैसे होते, आणि ती माणसं फुटपाथवर उभी राहून त्यांचा हिशेब ऐकत होती. त्या दृश्याचा मला हेवा वाटतो.

न्यायमूर्ती लेंटिन यांचं नाव पुन्हा ऐकलं ते जे. जे. रुग्णालयाच्या प्रकरणात. १९८६ च्या सुरुवातीला तिथे १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ग्लिसरॉल देतात. ज्या बाटल्या रुग्णालयात आल्या त्यांत औद्योगिक वापराचा माल होता, डायथिलीन ग्लायकॉल मिसळलेला. हे विष मूत्रपिंडं बंद पाडतं. लेंटिन आयोगाने फायलीमागून फाइल मागवली आणि खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांचं वाभाडं काढलं. बाटलीवरचं नाव एक आणि बाटलीतला द्रव दुसराच. इतका साधा ताळा, आणि तो वेळेवर पाहिला गेला नाही.

हे सगळं जुनं झालं, असं मी म्हणू शकले असते. पण २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याचं औषध पिऊन दगावली. वीसहून अधिक. त्यांतली कितीतरी उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणली गेली होती. तमिळनाडूत त्या औषधाची तपासणी झाली तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायथिलीन ग्लायकॉल निघालं. तेच विष, चाळीस वर्षांनी. लेंटिन आयोगाचा अहवाल होता की. वाचलेलाही असणार. अहवाल एकदा लिहून होतो, पण बाटली दर वेळी उघडून बघावी लागते, आणि हे रोजचं, कोणाच्या नजरेत न भरणारं काम कोणाला तरी पगार देऊन, प्रयोगशाळा बांधून, मनुष्यबळ भरून करवून घ्यावं लागतं. निरीक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल ओरडणारा मोर्चा मी कधी पाहिला नाही. निघायला हवा.

आणि त्याआधीचा, २०२४ चा मार्च. मी निवृत्त झाले होते, नातवंडं झोपली की रात्री मोबाइलवर बातम्या वाचत बसायचे. नाव जाहीर न करता राजकीय पक्षांना देणगी देता येणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारीला घटनाबाह्य ठरवली होती. कोणी रोखे घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले हे जाहीर करा, असा स्टेट बँकेला आदेश होता. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण वाचून मी उठून बसले. १२ एप्रिल २०१९ पासून २२,२१७ रोखे विकले गेले होते. विकत घेणाऱ्यांची माहिती एकीकडे ठेवलेली, वटवणाऱ्या पक्षांची दुसरीकडे, दोन्ही बंद लिफाफ्यांत, मुंबईच्या मुख्य शाखेत. दोन्ही मिळून ४४,४३४ नोंदी. त्या एकमेकींशी जुळवायला वेळ लागेल, असं बँक म्हणत होती.

दोन याद्या. एकाच इमारतीत. आणि त्या शेजारी ठेवायला वेळ नाही.

११ मार्चला न्यायालयाने मुदतवाढ नाकारली. १४ मार्चला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही याद्या आल्या, पण सुट्या. कोणाचा रोखा कोणाकडे गेला हे सांगणारे क्रमांक त्यांत नव्हते. न्यायालयाने पुन्हा खडसावलं आणि २१ मार्चला क्रमांक आले. त्या रात्री देशभरात पत्रकार, विद्यार्थी, संगणकावर काम करणारी तरुण पोरं ते क्रमांक जुळवत बसली होती. माझ्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर मला दाखवलं: डावीकडे देणारे, उजवीकडे घेणारे. मला अप्पांची वही दिसली. अगदी तशीच, डावं पान, उजवं पान.

मुलगा म्हणाला, “आई, झालं की सिद्ध!” त्याला मी तो ग्रामसेवक आठवून सांगितलं की नाही, झालं नाही. दोन याद्यांत नावं जुळली म्हणजे प्रश्न विचारायला जागा झाली. रोखा कधी घेतला, कंत्राट कधी मिळालं, धाड कधी पडली, नफा नसताना देणगी कुठून आली, हे सगळं त्यानंतर. स्वतंत्र तपास पथक नेमावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मान्य केली नाही. माझ्या मते तपास व्हायला हवा होता, सगळ्याच पक्षांचा, कारण यादीत जवळजवळ सगळेच होते. पण तो झालेला नसताना मी कोणाला चोर म्हणणार नाही.

हे मी कुठे शिकले? काही त्या ग्रामसेवकाकडून आणि काही, विचित्र वाटेल, अंतुल्यांच्याच खटल्यातून. राजीनाम्यानंतर भाजपचे रामदास नायक यांनी त्यांच्यावर फौजदारी खटला दाखल केला होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे दिला. १९८८ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाचे सात न्यायाधीश बसले आणि बहुमताने म्हणाले की आमचा तो आदेश चुकला होता. असे खटले विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे असं कायदा सांगतो, त्यामुळे या माणसाच्या हक्काला धक्का लागला, आणि न्यायालयाच्या चुकीची झळ कोणालाही बसता कामा नये. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला संताप आला होता. आमचं वर्षभर उघडं पडलेलं जोतं माझ्या डोक्यात होतं. अप्पांनी मात्र तो निकाल दोनदा वाचला. “त्यांनी स्वतःचा ताळा पाहिला,” एवढंच म्हणाले. त्या आवाजात आदर होता आणि मला तो समजत नव्हता.

आता टीव्हीवर रात्री नऊला जे चालतं ते बघताना तो आवाज आठवतो. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो खटला चालवला, आरोपी ठरवले, शिक्षाही सुनावून टाकली, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. तपास चालू असताना असा समांतर खटला चालवणं न्यायाच्या कामात अडथळा आणतं, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. त्या महिन्यांत पडद्यावर कितीतरी प्रश्न विचारले गेले. पण दुसरी यादी कोणाच्याच हातात नव्हती. असेल तर ती बघायची कोणाला इच्छा नव्हती. एकाच माणसाच्या घरात शिरून त्याची प्रत्येक वस्तू बाहेर फेकायची आणि शेजारच्या घरावरून मान खाली घालून जायचं, याला मी छाननी म्हणणार नाही, मग ते काम वाहिनी करो, तपास यंत्रणा करो, नाहीतर मी.

निवडणुकीच्या काळात आपण ‘अर्जांची छाननी’ हा शब्द दर वेळी ऐकतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्यासाठी एक कलम आहे, छत्तिसावं. अर्ज भरायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्याने सगळे अर्ज तपासायचे, उमेदवारांसमक्ष. त्या कलमात एक वाक्य आहे ते मला फार आवडतं. ज्या दोषाला फारसं महत्त्व नाही अशा दोषावरून अर्ज फेटाळू नये. म्हणजे नीट बघा, पण खुसपट काढू नका. कायदा लिहिणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला माहीत होता.

२००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि स्वतःवरचे गुन्हे शपथपत्रावर सांगावे लागतात. ती शपथपत्रं कोणालाही बघता येतात. पत्रकार असताना मी कितीतरी उमेदवारांची वाचली आहेत. पाच वर्षांपूर्वीचं आणि आताचं शेजारी ठेवून जमिनीचे गट नंबर मोजले आहेत, सोन्याचे तोळे मोजले आहेत, बायकोच्या नावावरचा फ्लॅट मागच्या वेळी कुठे होता ते शोधलं आहे. त्यावर बातम्या केल्या आहेत.

अप्पा गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात गावच्या घराची माळ्यावरची ट्रंक रिकामी केली तेव्हा ती वही सापडली. पानं पिवळी पडली आहेत, शाई तपकिरी झाली आहे. डावीकडे नऊ अर्ज. उजवीकडे पाच ओळी, त्यांतल्या चार १९८२ च्या मार्चनंतरच्या. शेवटच्या पानावर मला माहीत नसलेली एक नोंद निघाली. सप्टेंबर १९८१, तारीख बातमीनंतरच्या आठवड्यातली. अप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘साहेबांना पत्र पाठविले. आमच्या तालुक्यास किती सिमेंट मंजूर झाले, कोणास दिले, याची यादी मागितली.’ समोरच्या पानावर, उत्तराच्या जागी, काही नाही. पण जागा सोडलेली आहे. तारखेपुरती रेघ मारलेली आहे.

माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ मध्ये आला, देशात २००५ मध्ये. अप्पांनी तो त्याआधी वीस वर्षं वापरून पाहिला होता, आणि तोही ज्याच्यासाठी पेढे वाटले त्याच माणसावर.

वही घेऊन मी परत आले आणि बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळत राहिली. आमच्या मतदारसंघातल्या ज्या आमदाराला मी दोन्ही वेळा मत दिलं, २०१९ ला आणि २०२४ ला, त्याचं शपथपत्र मी आजवर एकदाही उघडलेलं नाही. त्याच्या विरोधकाचं उघडलं होतं. चांगला माणूस आहे, आमच्या वाचनालयाला त्याने मदत केली, माझ्या आजारपणात विचारपूस करायला घरी आला होता. त्याचं कशाला बघायचं, असं मी मनाशी कधी म्हटलंही नाही, इतकं ते आपोआप झालं.

आज दुपारी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही छापून आणली. टेबलावर डावीकडे २०१९ ठेवलं आहे, उजवीकडे २०२४. पट्टी आणि पेन्सिल घेतली आहे. जंगम मालमत्तेच्या रकान्यापासून सुरुवात करते.